उकिरडाच म्हणा

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमागं उकिरडा आहे. हो, उकिरडाच. सेक्रेटरी त्याला 'कंपोस्ट युनिट' म्हणतात. मीही तसंच म्हणायची, कारण सासूबाईंच्या तोंडचा तो शब्द जिन्यात ऐकू आला की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

उंब्रजकडची शेती दिरांवर सोपवून त्या साताऱ्यात आमच्याकडं आल्या आणि घंटागाडीत भाजीची देठं जाताना बघून हळहळल्या. "आगं, डेपोत जाऊनबी कुजायचंच हाय. मग हितंच कुजू द्या की." कोपऱ्यात खड्डा घेतला. हळूहळू सगळ्या मजल्यांवरचे डबे तिथं रिकामे व्हायला लागले. मटण-मासळी तेवढी टाकायची नाही, असं ठरलं होतं. पहिल्या दिवाळीत गावच्या रिवाजानं त्यांनी उकिरड्यावर पणती ठेवली. मी ती गुपचूप उचलून तुळशीपाशी नेली. त्यांनी ते पाहिलं.

यंदा आखाडात पाहुणे जेवून गेले आणि पातेलंभर मटणाचा रस्सा उरला. शेजारी माळकरी. ते पातेलं घेऊन त्यांच्यासमोर घंटागाडीपाशी कशी उभी राहू? दुपारी सामसूम बघून मी तो हाडांसकट खड्ड्यात ओतला, वर पाला सारला.

मग वास सुटला. अळ्या पार्किंगच्या फरशीवर आल्या. मीटिंग बसली.

"आजींनी गावचा उकिरडा इथं आणला, त्याची ही फळं," सेक्रेटरी म्हणाले. "बुजवून टाकू."

"माजंच कायतरी चुकलं आसंल," सासूबाई म्हणाल्या. "बुजवा."

आयुष्यभर खत केलेली ती बाई माझ्या रश्श्यापायी मान खाली घालून बसली होती. आणि मी चहाचा कप संपेपर्यंत गप्प होते. हे लिहायलाच हवं.

"रस्सा मी ओतला," शेवटी म्हणाले.

"वहिनी, सासूबाईंना पाठीशी घालू नका."

"उकरून बघा. हाडं सापडतील."

कुणीतरी हसलं. माळकरी काका छताकडं बघत होते. मला आता कशाचीच लाज उरली नव्हती.

"चूक माझी. मी निस्तरते. पण उकिरडा बुजवायचा नाही. माझ्या एका पातेल्यापायी सगळ्यांची देठं पुन्हा डेपोत जाणार नाहीत. बुजवायचाच असेल, तर मी खड्ड्यात उतरून बसते, आधी मला बाहेर काढा."

रविवारी फावडं घेऊन उतरले. सासूबाई खुर्ची टाकून वर बसल्या.

"वरवर नगं चाळवू, तळातनं घे," म्हणाल्या. मग खुर्ची पुढं ओढून, "रस्सा बरा झालता की गं. वतलास कशाला? माज्या ताटात वाढायचा."

वास गेला. भिंतीवर मी ऑइलपेंटनं ठळक लिहिलं: उकिरडा. फ्लॅट बघायला येणारे ते वाचतात, अशी सेक्रेटरींची तक्रार आहे. वाचू देत. दिवाळीत पणतीही तिथंच लागेल. कुणी उचलून तर बघावी.