पानावरचा आडवा हात

आमच्या तंजावूरच्या मराठी घरांत 'नको' हा शब्द कुणी मनावर घेत नाही. पाहुणा 'नको' म्हणाला की भात, पुन्हा 'नको' म्हणाला की त्यावर रसम. पहिल्याच 'नको'ला हात आखडला तर राजवाड्यामागच्या गल्लीभर बोभाटा होतो, त्या घरात आग्रह म्हणून नाही हो! खरंच नको असलं तर माणूस बोलत नाही, केळीच्या पानावर आडवा हात धरतो. मग वाढायची कुणाची बिशाद नाही.

धाकट्या भावाची बायको पुण्याची. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणात ती बिचारी 'नको, नको' करत रडकुंडीला आली. नंतर मला म्हणाली, "ताई, तुमच्याकडे निक्षून सांगायचं तरी कसं?" मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवते, देवनागरी चाळिशीत शिकले. 'निक्षून' हा शब्द मला ठाऊकच नव्हता. मग तिनं हौसेनं त्याचं सगळं गोत सांगितलं. मत मांडायचं ते ठासून. खात्री असली तर छातीठोकपणे. पोराला तंबी द्यायची ती बजावून. आणि निक्षून म्हणजे पुढे बोलणंच खुंटलं.

"अगो बाई, एका सांगण्याला इतके शब्द!" मी म्हटलं.

आई शेजारी भाजी निवडत होती. "आम्हाला हात पुरतो की," ती हसून म्हणाली.

मागच्या वर्षी आईचं हृदय थकलं. इथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, घरी ठेवा, सुखानं जातील. चेन्नईला नेलंत तर थोडे दिवस मिळतील, तेही नक्की नाही. भाऊ चेन्नईत राहतो. तो फोनवर रडायलाच लागला.

आई म्हणाली, "नको. मला इथंच असू दे."

"असं कसं गं?" मी म्हटलं.

ती पुन्हा म्हणाली, "नको." मला वाटलं, संकोच. पोरांना त्रास नको, रजा नको, म्हणून म्हणतेय. जन्मभर तिनं दुसऱ्यांदा वाढलेलं काही एका बोलण्यात घेतलं होतं का?

गाडी दाराशी आली. मी बॅगेत तिची लुगडी भरत होते. ती पलंगावरून वाकली आणि बॅगेच्या तोंडावर आडवा हात धरला. बोलली काही नाही. मला दिसला तो हात. कसा नाही दिसणार? पण मी घाईत होते, चिडलेही होते. "पुरे गं तुझा हट्ट," म्हणत मी तो उचलून बाजूला ठेवला आणि चेन ओढली. तिनं पुन्हा धरला नाही.

चेन्नईला ती नऊ दिवस काचेमागे होती. रोज दहा मिनिटं भेटायला सोडायचे. तोंडात नळी, म्हणून बोलणं नाही. नळी ओढू नये म्हणून दोन्ही हात कापडी पट्ट्यांनी खाटेला बांधलेले. नवव्या दिवशी ती गेली. शेवटचं पाणीसुद्धा मला पाजता आलं नाही. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता, आणि तो अजून गेलेला नाही.

तेराव्याला पंगत बसली. भावजय खीर वाढत माझ्यापाशी आली. "नको," मी सवयीनं म्हटलं. तिनं मान हलवली आणि पुढच्या पानाकडे वळली.

शेजारी बसलेल्या मावशी डाफरल्या, "अगो, वाढ की! एका नकोला कुणी सोडतं का?"

ती गोंधळून परत आली. "पण ताई नको म्हणाल्या ना?"

तिला एक 'नको' पुरला होता. मला आईचे दोन पुरले नाहीत, वर तिचा हातही पुरला नाही. मावशी तिच्या हातातला डाव घेऊन माझ्या पानावर वाकल्या. मी पानावर आडवा हात धरला.

मावशी लगेच थांबल्या. माझा हात कुणी उचलला नाही.