फुलीखालची खूण

रोहन, मीरा,

रोहनच्या पत्रात त्याच्या नव्या बंदुकीच्या दुर्बिणीचा फोटो होता. काचेत रेघांची फुली आणि उभ्या रेघेवर खाली बारीक खुणा. यंदा तिकडे परदेशात हरणांच्या शिकारीला जाणार, असं त्याने लिहिलं आहे. त्या खुणा मी ओळखते. तो जाण्याआधी तुम्हाला बापूमामांबद्दल सांगायला हवं.

बापूमामा तुमच्या आजोबांचे मामा. शुक्रवार पेठेत आमच्या शेजारी एकटे राहत. समोरच्या कुठल्याही वस्तूचं अंतर ते आधी डोळ्यांनी ठरवत, मग पावलांनी मोजत. लग्नाच्या वरातीतसुद्धा "नवरा हितनं चाळीस वार" म्हणून थेट घोड्याकडे चालू लागत. लोक हसत.

"हसा की! नजर खोटं बोलती, पाय न्हाय बोलत."

हे सगळं शिकारीसाठी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला परवाना काढून काळवीट मारता येई. मामांचा नियम एकच होता. "जनावराला कळायच्या आत संपलं पायजे. न्हायतर बंदूक उचलू नगं."

दुर्बीण त्यांनी मुंबईहून जुनी आणली. सोबत इंग्रजी पुस्तिका होती आणि घरात बी.ए. झालेली मी.

"सूनबाई, काय म्हंतोय सायब?"

मी ओट्यापाशी उभ्याउभ्या वाचून सांगितलं. गोळी लांब जाताना खाली येते. म्हणून शंभर वारांवर फुली हरणावर धरायची, दोनशेवर तिच्या खालची खूण. मग नळी आपोआप तेवढी वर उचलली जाते.

"म्हंजी नेम आभाळाकडं आन् गोळी हरणाला! लई बेरकी हाय तुजा सायब."

शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी होत्या. भात लागायला आला होता. नेहमीची सूचना असेल असं समजून मी पुस्तिका मिटली.

त्या हिवाळ्यात मामांनी माळावर एका काळविटावर ती खालची खूण धरली. अंतर दोनशे वार, नंतर पावलांनी मोजलं तेही दोनशेच. पण गोळी खाली लागली. पुढचा पाय मोडला आणि काळवीट तीन पायांवर पळालं. मामा चार दिवस त्याच्या मागावर होते. रात्री धनगरांच्या वाड्यावर पडत. चौथ्या दिवशी एका धनगराने त्यांना ओढ्यात नेलं. लांडग्यांनी फारसं काही ठेवलं नव्हतं.

इकडे मामांची वाट पाहताना मी पुस्तिका पुन्हा काढून त्या दोन ओळी वाचल्या होत्या. खुणा फक्त त्याच कंपनीच्या काडतुसांसाठी होत्या. दुसरी वापरणार असाल तर आधी निशाण लावून तपासा. मामांची काडतुसं इथली, जड गोळीची. ती जास्त खाली येई.

मामा परतले तेव्हा पाय सुजले होते. मी रडत त्या ओळी वाचून दाखवल्या.

"आनखी एकदा वाच."

वाचल्या.

"तू वाचलंस. बंदुकीचा घोडा कुणी वढला?"

"पण मामा, मी तेव्हाच सांगितलं असतं तर..."

"तर मी आदी निशाण लावून बगितलं असतं. ते तू न सांगता बी बगायला पायजे हुतं. जा, च्या टाक."

त्यांनी पुन्हा बंदूक उचलली नाही. पुढे शिकारबंदीचा कायदा आला. गल्लीतले चेष्टा करत, "मामा, सरकारनं दात पाडले की तुमचे!"

"व्हय, पाडले," म्हणून ते हसत. माझं नाव त्यांनी कधी काढलं नाही. तुमच्या आजोबांजवळही नाही.

दोन वर्षांनी ते हृदयविकाराने गेले. इस्पितळात मी आठ दिवस त्यांच्याजवळ होते. त्यांनी एकदा तरी माझ्यावर रागवावं, असं मला फार वाटत होतं. ते रागावले नाहीत. "सूनबाई, जेवलीस का?" एवढंच रोज विचारत.

रायफल पोलिसांत जमा झाली. दुर्बीण कुठे गेली, मला ठाऊक नाही. मामांचं घर विकलं गेलं. त्या माळावर काळविटं अजून आहेत.