कमळाची उजवी बाजू

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. वहिनी गेल्यावर तर विचारणारंही कोणी उरलं नाही.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघं राहायचो. भाऊ फिटर, वहिनी घरी, मी ड्रॉइंग ऑफिसात नकाशे उतरवणारा ट्रेसर. दोन्ही बाजू सारख्या असलेला पार्ट आम्ही कागदावर अर्धाच काढत असू. मधोमध सेंटर लाइन; उरलेला अर्धा पाहणाऱ्यानं समजून घ्यायचा.

दारातलं रांगोळीचं कमळ मात्र दोघं मिळून पूर्ण करायचे. डावी बाजू वहिनीची, उजवी भावाची. तिच्या पाकळ्या निमुळत्या, त्याच्या जाड. शेजारी चिडवायचा, "काहो फिटर, तिकडून कमळ अन् इकडून पत्ताकोबी?"

"फूल उमलून राहिलं बाप्पा, थांब थोडं," भाऊ म्हणायचा.

भाऊ कामावर मचाणावरून पडला आणि गेला. काही महिने दार कोरंच होतं. मग एका सकाळी वहिनीनं आपली बाजू काढली, उजवी मोकळी ठेवली. त्यानंतर रोज तसंच.

पुढे माझ्या लग्नासाठी मुलीकडचे लोक आमचं घर पाहायला येणार होते. दारातल्या अर्ध्या फुलाची मला लाज वाटली. वहिनी नळावर गेली तेव्हा मी सुतळीनं तिच्या पाकळ्यांची मापं घेतली आणि उजवीकडे उतरवली. केसभर फरक नव्हता. दोन्ही बाजू जुळल्या की डोळा निवतो; देवळाच्या छतातली कमळं त्यासाठीच तशी कोरत असावेत. मी उभा राहून पाहत होतो. जाड पाकळी त्यात एकही नव्हती.

वहिनी घागर घेऊन आली. "हे कावून केलं, भाऊजी?"

"पाहुणे येऊन राहिले ना."

"बरं केलं," ती म्हणाली आणि पोहे भिजवायला आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती दारात नुसतं पाणी शिंपडायची. माझं लग्न त्याच मुलीशी ठरलं. रांगोळी माझी बायको काढू लागली, सुबक काढायची.

वहिनी शेवटपर्यंत आमच्याकडेच होती. अखेरच्या आजारात एका दुपारी मी तिच्या उशाशी बसलो होतो. वहिनी, ती बाजू माझी नव्हती, एवढंच म्हणायचं होतं. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

मी विचारलं, "पाणी देऊ?"