व्हिएन्नात अडवलेलं टेबल

चार वर्षं मी दादाशी कामापुरतंच बोलत होतो. अण्णा पहाटे गेले तेव्हा मी सिंगापूरला होतो. मिळेल त्या पहिल्या विमानानं मुंबई गाठली, टॅक्सी करून साताऱ्याजवळच्या आमच्या गावी पोचलो, तर दादानं सूर्यास्ताच्या आत सगळं उरकलं होतं. वडिलांचं तोंडसुद्धा मला दिसलं नाही. एक रात्र का थांबला नाहीस, हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

दादा शाळेतून निवृत्त झाला तशी माझ्या बायकोनं त्याला आणि वहिनींना आमच्याबरोबर युरोपला बोलावलं, मला न विचारता. परदेशात तरी एकदा बोला, असं तिचं म्हणणं. मी सांगितलं, आधी तो बोलेल. जहाजांना सुटे भाग पुरवणाऱ्याला एवढं कळतं की सौद्यात पहिलं तोंड उघडतो तो हरतो. इंजिनरूममध्ये तेल पुसत सुरुवात केलेल्या माणसाचं आज सिंगापुरात, सेम्बावांगला स्वतःचं गोदाम आहे, ते काही उगाच नाही.

व्हिएन्नात राजवाडा, बागा आणि प्राणिसंग्रहालय असं एकत्र तिकीट होतं. चौघांचं काही कमी होईल का, म्हणून मी खिडकीतल्या मुलीला विचारलं. तिनं हसून पूर्ण पैसे घेतले. पण विकायला ठेवलेले दोन नकाशे मी तिच्याकडून फुकट काढलेच.

आत दादा प्रत्येक दालनात कानाला माहिती सांगणारं यंत्र लावून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत उभा. सोनं आणि आरसे पाहून माझं पंधरा मिनिटांत भागलं. मला आवडल्या त्या खोल्या उबदार ठेवणाऱ्या पांढऱ्या, उंच शेगड्या. त्यांच्यात लाकूड घालायचं ते भिंतीमागच्या बोळातून, म्हणजे राजाला नोकर दिसू नये. त्या बोळातली माणसं मी चांगली ओळखतो.

बागेतून टेकडीवरच्या कमानींपर्यंत चढायला दादाचे गुडघे तयार नव्हते, म्हणून आम्ही सरळ प्राण्यांकडे वळलो. वहिनी जिराफासमोरून हलेनात. दुपारी तिथल्या उपाहारगृहात जागा मिळेना. झाडाखाली एक टेबल रिकामं झालं, तसं मी खिशातलं टिश्यूचं पाकीट त्यावर ठेवलं आणि सगळ्यांना घेऊन रांगेत उभा राहिलो. ट्रे घेऊन परतलो, तर एक म्हातारं जोडपं तिथं बसलेलं. आजोबा आमच्याच टिश्यूनं चष्मा पुसत होते.

माझं डोकं फिरलं. हे टेबल आमचं आहे, हे मी इंग्रजीत आणि चढ्या आवाजात सांगितलं. आजोबांनी पाकीट माझ्या हातात दिलं, आभार मानले आणि सरकून आम्हालाही बसायला जागा करून दिली.

वहिनी हसू दाबत म्हणाल्या, "भावोजी, तुमचा राजवाडा गेला की हो."

दादानं विचारलं, टिश्यूचा काय संबंध? बायकोनं त्याला समजावलं. आमच्याकडे सिंगापूरला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, टेबलावर पाकीट ठेवलं की जागा अडली, माणूस येईपर्यंत तिथं कोणी बसत नाही.

"माणूस नसला तरी?" दादानं विचारलं.

मग मला राहवलं नाही. "हो, नसला तरी. परकी माणसं थांबतात तिथं. तू सख्खा भाऊ असून थांबला नाहीस."

बायकोनं माझा दंड धरला. दादानं काटा खाली ठेवला.

"थांबायला हवं होतं," तो म्हणाला. "भावकीतले सगळे मागे लागले होते. गावात चूल पेटली नाही, पोरं उपाशी आहेत, अंधार पडायच्या आत चला. बर्फ आणून रात्रभर ठेवू, असं मी दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायचा धीर झाला नाही. मला भांडता येत नाही रे. घरात भांडणारा तूच, आणि तू विमानात."

"चार वर्षांत सांगता आलं नाही?"

"तू ओरडशील म्हणून भ्यायलो."

म्हातारं जोडपं मान खाली घालून सूप पीत होतं. ओरडायची सगळी तयारी होती माझी, पण समोरचा आधीच कबूल झाला होता. अशा वेळी किंमत पाडत बसू नये, हवं ते मागून घ्यावं.

"या वर्षीचं अण्णांचं श्राद्ध मी आल्याशिवाय सुरू करायचं नाही," मी म्हणालो. "विमानाला उशीर झाला तरी. भावकीतलं कोणी काही बोललं, तर फोन माझ्याकडे द्यायचा."

"आणि गुरुजी घाई करायला लागले तर?"

"त्यांच्याकडेही."

दादा मान हलवून हो म्हणाला. मग त्यानं कधी निघतोस, तिकीट कधी काढतोस, असं एकामागून एक विचारायला सुरुवात केली, आणि मी जेवता जेवता उत्तरं देत राहिलो.