हिशेब ठेवायची जागा

सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी जासईला एका गॅरेजचे हिशेब बघत होते. ट्रेलरची दुरुस्ती आणि शेजारी सुट्या भागांचं दुकान. पनवेलहून रोज जायचं, संध्याकाळी यायचं. डॉक्टरांनी सांगितलं, घरी नेल्यावर काही महिने त्यांच्याजवळ कायम कुणीतरी लागेल. नवरा पुण्यात नोकरीला, फक्त शनिवार-रविवार घरी. दिवसभराची चांगली बाई मिळेना. म्हणजे एक तर हिशेब माझ्या घरी यायला हवे होते, नाहीतर मला नोकरी सोडायला हवी होती. मला सोडायची नव्हती.

शेठना मी हे सरळ सांगितलं. ते म्हणाले, "मग घेऊन जा ना घरी कॉम्प्युटर. टेम्पो देतो."

"आणि दुकानात बिलं कशावर काढायची?"

बिलं त्यांची सून काढायची. पेनड्राइव्हवर हिशेब घरी न्यावा, तर इकडे ती बिलं टाकणार, तिकडे मी नोंदी करणार, आणि दोन्ही प्रती वेगळ्या होणार. एकदा दिवाळीत हे करून बघितलं होतं. निस्तरायला सुट्टीपेक्षा जास्त वेळ गेला.

तेव्हा सॉफ्टवेअरच्या दोन विक्रेत्यांना बोलावलं. पहिला पन्नाशीचा, दमलेला गृहस्थ. त्याची पद्धत अशी की आमचं जुनंच सॉफ्टवेअर, आमच्या सगळ्या नोंदींसकट, त्याच्या कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवायचं आणि आम्ही ते इंटरनेटवरून उघडायचं. पडदा तोच, बटणं तीच. दुसरी खारघरहून आलेली चटपटीत मुलगी. तिचं सॉफ्टवेअर मुळातच इंटरनेटवर चालणारं. काही बसवायला नको, ब्राउझर उघडा, पासवर्ड टाका, कामाला लागा. फोनवरही चालतं. तिचं स्वस्त होतं. पण पडदा सगळा नवीन, आणि जुन्या नोंदी त्यात आणायचं वेगळं काम.

मला दोन्ही चाललं असतं. जुन्यावर माझी बोटं बसलेली होती, पण बोटांना नवं शिकवता येतं. मला फक्त सासूबाई हॉस्पिटलमधून यायच्या आत निर्णय हवा होता.

सुनेला फोनवरचं आवडलं. "पप्पा, आपल्या द्रोणागिरीच्या गोडाउनमधून पण बिल काढता येईल. परत दुकानात यायला नको."

शेठनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी खारघरच्या मुलीला विचारलं, "हे सगळं ठेवता कुठं?"

"क्लाउडवर, काका."

"ते समजलं. गाव कुठला?"

ती हसली, मग त्यांचा चेहरा बघून थांबली. "एका जागी नसतं, काका. दोन-तीन शहरांत प्रती असतात. एक बंद पडली तरी दुसरी चालू."

"म्हंजे कुठंच नाय."

"नाही काका, सगळीकडे आहे."

"सगळीकडं देव असतो. आमचा हिशेब एका जागी पायजे."

सून माझ्याकडे बघून ओठ दाबत होती. मला हसू आलं नाही. शेठच्या घरचं मिठागर सरकारी प्रकल्पात गेलं, त्याबदल्यात भूखंड मिळाला तो कागदावर. तो प्रत्यक्षात कुठे आहे हे कळायच्या आधी त्यांचे वडील वारले. तेव्हापासून त्यांच्या घरात जागा बघितल्याशिवाय कशावरही सही होत नाही.

पहिल्या विक्रेत्याने विचारायच्या आधीच सांगितलं, आमची जागा महापेला आहे. बस. दुसऱ्या दिवशी शेठ, मी आणि तो विक्रेता गाडीत. मी म्हटलं, आत सोडणार नाहीत. "बाहेरून तं बगू," शेठ म्हणाले.

आत सोडलं नाहीच. राखाडी इमारत, खिडक्या नाहीत, फाटकावर पहारेकरी. विक्रेता सारखा घाम पुसत होता. शेठनी पहारेकऱ्याला तंबाखू दिली आणि त्याच्याशी बोलत उभे राहिले. पाणी भरतं काय? रस्त्यावर भरतं, इमारत उंच आहे. लाइट गेली तर? त्याने हात केला. फाटकातून दोन भलेमोठे जनरेटर दिसत होते. शेठ बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. डिझेलवर चालणाऱ्या गोष्टींतलं त्यांना कळतं.

परतताना म्हणाले, "चालंल."

मी म्हटलं, "शेठ, त्या मुलीचं उत्तर खरं तर जास्त चांगलं होतं. इथे आग लागली तर?"

"तिच्याकडं लागली तर मी कुठं धावत जाऊ?" मी विक्रेत्याकडून दर आठवड्याला आमची वेगळी प्रत मिळायची अट लिहून घेतली.

सासूबाई घरी आल्या त्या आठवड्यात मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. चाललं. पडदा तोच, पण थोडा मागे राहायचा. माझं टाइप करून झालं की अक्षरं सावकाश येऊन बसायची. आतून हाक आली की उठायचं, परत यायचं. बिलं सुनेची, बाकीच्या नोंदी माझ्या, दोन वेगळे पासवर्ड. एकदा मलाच आत जाता येईना, माझ्या पासवर्डने दुसरं कुणीतरी आधीच आत होतं. दुकानात फोन केला तर शेठनी उचलला.

"तुमचा पासवर्ड लिवलेला होता इथल्या टेबलावर. म्हटलं बगू, हाय का जागेवर."

"आहे. आता बाहेर पडा."

"पडतो. कुठलं बटण?"

सुनेने पाठीमागून सांगितलेलं मला ऐकू आलं, आणि तिने मारलेला टोमणाही. "पप्पा, आता महापेला जाऊन विचारा." त्याच दिवशी मी पासवर्ड बदलला.

द्रोणागिरीहून बिल मात्र काढता येत नव्हतं. फोनवर तो जुना पडदा इतका बारीक दिसायचा की सुनेने तो नाद सोडला. तिकडून आली की दुकानात बसून सगळी बिलं एकदम काढायची. तिने मला विचारलं, त्या मुलीच्या सॉफ्टवेअरवर कधी जायचं. मी सांगितलं, वर्ष संपू दे, मधेच बदलू नकोस, आणि शेठना तूच पटव.

सासूबाई काठी घेऊन जिना उतरायला लागल्यावर शेठचा फोन आला. "ताई, आता परत कधी?"

रोज येणार नाही, असं मी सांगितलं. आठवड्यातून एकदा बिलं तपासायला येईन, बाकी घरूनच. काम थांबलं नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं.

"मग तुमची खुर्ची?"

"सुनेला द्या."

"ती कवाच बसलीय," शेठ म्हणाले.