हात न उचलता घातलेलं नाव

माझ्या नातीच्या, रोहिणीच्या शाळेने कर्सिव्ह बंद करायचं ठरवलं आहे. म्हणजे अक्षराला अक्षर जोडून, हात न उचलता लिहायचं ते. पालकांच्या ग्रुपवर नुसती धुमश्चक्री चालली आहे. एक म्हणतो, पोरं उद्या मोबाइलवरच बोटं फिरवणार, कशाला मनगटं दुखवायची? दुसरी म्हणते, अक्षर म्हणजे संस्कार. शेवटी माझा मुलगा ललित म्हणाला, "नाना, तुम्हीच सांगा. तुमचं अक्षर तर छापल्यासारखं."

आता मला कोणी 'सांगा' म्हटलं की काय होतं, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सून उठून आत गेली. ललितने मोबाइल पालथा घालून ठेवला, तेवढा तो गुणी आहे.

"सांगतो," मी म्हटलं, "पण आधी फकिरा."

मी विंचूरकडच्या खेड्यातला, धूळपाटीवर शिकलेला माणूस. आमचे मास्तर पाठीमागे बसून हाताला हात धरून अक्षर गिरवून घ्यायचे. त्यांच्या बोटांना तपकिरीचा वास असायचा. मास्तर जाऊन जमाना झाला, पण अजून मी 'ळ' काढायला घेतला की मला तपकिरीचा वास येतो. हसू नका. येतो. हे एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

फकिरा नाशिकच्या भांडी बाजारात एका दुकानाच्या पायरीवर बसायचा. काम काय, तर भांड्यांवर नावं घालायची. पुढ्यात पोत्याचा तुकडा, त्यावर छिन्नी, छोटी हातोडी, आणि नंतरच्या काळात वायर लोंबणारं ते सुईचं मशीन. माझ्या मुलीच्या, मीनाच्या लग्नाची भांडी घेतली तेव्हा त्याची माझी ओळख झाली. ओझरच्या कारखान्यातून मी रिटायर झालो, मग तर माझं बूड त्याच्या पायरीवरच. त्याला बोलायला आवडायचं नाही आणि मला ऐकायला. जोडी जमली.

त्याची एक रीत होती. गिऱ्हाइकाने नाव सांगितलं की तो मान वर न करता विचारायचा, "हयात?"

लोक दचकायचे. एक जावईबापू तर भडकले, "अहो, मीच पुढ्यात उभा आहे!" फकिरा म्हणाला, "उभं असण्यावर काय जातंय? तोंडानं सांगा." जावईबापूंनी निमूट सांगितलं.

हयात माणसाचं नाव फकिरा एका ओढीत घालायचा. पहिल्या अक्षरावर टेकलेली छिन्नी शेवटच्या अक्षरापर्यंत उचलायची नाही. अक्षराच्या पायापासून वर चढायचं, पुढच्यात उतरायचं, आणि त्याच ओढीत वरची रेघ मारत मागे यायचं. नाव एखाद्या वेलीसारखं दिसायचं. आणि स्मरणार्थ वाटायची भांडी असली की अक्षर न् अक्षर सुटं. मध्ये हात उचलायचा, फुंकर मारायची, मग पुढचं.

"असं का रे?" मी विचारलं.

"जोडलेलं नाव धरून ठेवतं, नाना. सुटं नाव जाऊ देतं. बा सांगायचा, त्याला त्याचा बा."

मी मोठ्याने हसलो होतो. नांदगावच्या अक्काबाई यायच्या आधीची ही गोष्ट.

अक्काबाईंचे मालक गेले होते आणि त्या त्यांच्या नावाचा तांब्या घ्यायला आल्या होत्या. फकिराने विचारलं, "हयात?" आणि बाई सवयीने बोलून गेल्या, "आहेत ना." जन्मभर कोणी मालकांची चौकशी केली की हेच तोंडातून निघालेलं. फकिराने नाव जोडून घातलं. बाई तांब्या पदराखाली घेऊन गेल्या.

दिवाळी उलटल्यावर त्या परत आल्या. पाठीला पोक आलेलं, डोळे खोल. तांब्या फकिरापुढे ठेवला.

"दादा, सकाळी काठोकाठ भरून ठेवते. भाकरी थापून होईस्तोवर निम्मा झालेला असतो."

"गळत असंल," मी म्हटलं. मला गप्प बसवत नाही.

"खालची जमीन कोरडी असते, नाना. गळत न्हाई. पितात ते." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "आधी बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू? पण त्यांची तहान भागंना झाली. किती भरू मी? जाऊ द्या त्यांना."

फकिराने छिन्नी-हातोडी पुढ्यात ओढली. त्याने मला तांब्या घट्ट धरायला सांगितलं. मी दोन्ही तळव्यांत धरला आणि खरं सांगतो, तांब्या कोमट होता. मार्गशीर्षातली थंडी, पायरी सावलीतली, आत पाण्याचा थेंब नाही, आणि कुणी नुकताच हातातून खाली ठेवावा तसा कोमट. फकिराने दोन अक्षरांमधल्या जोडावर छिन्नी ठेवून ठोका मारला. तांब्या माझ्या हातात हलला. ठोक्याने हलतो तसा नाही. जाळीतला मासा कूस बदलतो तसा. जोड तुटत गेले तसा तो निवत गेला, आणि शेवटी नुसतं पितळ उरलं.

अक्काबाईंनी तो कपाळाला लावला आणि गेल्या. त्या संध्याकाळी मी घरी येऊन आमची सगळी ताटं-वाट्या हात लावून पाहिली. सगळ्यांची नावं फकिरानेच घातलेली. सगळी गार. हयात माणसाचं भांडं गारच असतं. बायको म्हणाली, "काय हो, भांडी मोजता? चोर आलाय का घरात?"

आता फकिराच्या घरचं सांगतो. त्याला एकच मुलगा, राजू. कांद्याच्या ट्रकवर जायचा. पोरगा मोठा हौशी. बापाने शिकवलेल्या वळणात दिसेल तिथे स्वतःचं नाव कोरायचा. चौकटीवर, खाटेच्या खुरावर. त्यातला ऊकार तो असा मागे ओढायचा, की त्याचं शेपूट पार पहिल्या अक्षराच्या पायाला जाऊन भिडायचं. फकिरा चिडायचा, "नावाला कासरा बांधलाय का रे?" एकदा राजू माल घेऊन गेला तो आलाच नाही. ट्रक सापडला, रस्त्याच्या कडेला नीट उभा केलेला. राजू नाही. पोलीस झाले, देवऋषी झाले. मागे बायको उज्वला आणि पाळण्यातली वेदिका.

उज्वलाने शिवणकाम करून पोर वाढवली. पण एका गोष्टीत ती हटून बसली होती. वेदिकाला ते जोडलेलं वळण शिकवायचं नाही.

"शाळेत सुटं शिकवतात तेच बरंय, मामा," ती सासऱ्याला म्हणायची. "माझं सगळं आयुष्य त्या एका वळणाला टांगलंय. तिचं नको." तिने चौकटीवर रंग मारून घेतला, खाटही देऊन टाकली.

टांगलंय म्हणायची ती एका ताटामुळे. फकिराने राजूच्या बारशाला त्याच्या नावाचं ताट केलं होतं, एका ओढीत. ते ताट तो रोज स्वतः घासायचा, जेवायच्या वेळी मांडायचा आणि उचलायचाही स्वतःच. कुणाला हात लावू द्यायचा नाही. ताट मांडलेलं असेतोवर राजू बेपत्ता होता, गेलेला नव्हता. आणि उज्वला? ना सवाष्ण, ना विधवा. हळदीकुंकवाला बोलावताना बायका घुटमळायच्या. तिला काय म्हणायचं हेच कुणाला कळायचं नाही.

गेल्या वर्षी तिने ठरवलं. भावकीला बोलावलं, रामकुंडावर दर्भाचा पुतळा करून विधी करायचा आणि राजूच्या स्मरणार्थ वाट्या वाटायच्या. फकिराने मला निरोप धाडला, "नाना, या. मला धीर नाय."

मी दुपारी गेलो. ओट्यावर नव्या वाट्यांची चळत, शेजारी मशीन. फकिराचा उजवा हात तोवर कापायला लागला होता, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा.

"मामा, तुमच्याच्यानं होणार नाही," उज्वला म्हणाली. " दुकानदार कॉम्प्युटरवर छापून देतो म्हणतोय."

"माझ्या पोराचं नाव कॉम्प्युटर घालणार?"

"मग वेदिका घालील. सुटं सुटं."

वेदिका आठवीतली पोर. दोन वेण्या, नाकावर घाम. मशीन चालवायला तिला आवडायचं. मैत्रिणींच्या डब्यांवर नावं घालून द्यायची, शाळेतल्यासारखी ठोकळेबाज. तिने वाटी मांडीत धरली, बटण दाबलं. घर्रर्र. आम्ही तिघं बघत होतो. पहिलं अक्षर झालं. तिचा हात उचलला जाईना. सुई वर चढली, पुढच्या अक्षरात उतरली, खाली गेली, आणि तिथून ऊकाराचं लांबलचक शेपूट मागे ओढत पहिल्या अक्षराच्या पायाला जाऊन टेकली.

मशीन बंद झालं.

"हे तुला कोणी शिकवलं?" उज्वलाने विचारलं.

"कोणी नाही."

"मग काढलंस कसं?"

"मी नाही काढलं, आई. हात असा आपोआप... मागून कोणीतरी धरल्यासारखा." तिने मनगट नाकाशी नेलं. "कांद्याचा वास येतोय."

मला माझे मास्तर आठवले. माझ्या अंगावर जो काटा आला तो बसता बसेना. कारण मास्तरांचा हात मला जाणवतो तो मास्तर गेल्यावर. जिवंत माणूस असा येऊन हात धरत नाही.

हे माझ्या मनात आलं, ते उज्वलाच्याही आलं असावं. ती फकिराकडे वळली. "मामा, ताट दाखवा."

"नको गं."

"आणा म्हणते ना!"

फकिराने ताट आणलं, छातीशी धरून. उज्वलाने तळवा ठेवला आणि हिसडून मागे घेतला. मग मी ठेवला. ऊन. आताच कुणी जेवून उठल्यासारखं.

"कधीपासून?" ती म्हणाली.

फकिरा भिंतीला टेकून खाली बसला. "लय दिस झालं. वेदी चालायला लागली होती. एक दिवस घासाया घेतलं आन् ऊब आली. मला तवाच कळलं."

"तुम्हाला माहीत होतं! आणि मी रोज दाराकडे बघत बसले?"

"पोरगं हाय माझं, उजे," तो म्हणाला. "ऊब होती तवर हाताला लागत होतं. गार ताट कसं घासू मी?"

उज्वला रडली नाही. तिने फकिराची छिन्नी उचलली आणि ताट पुढे ओढलं. पण ते सगळं एका ओढीचं नाव. कुठे अक्षर संपतं, कुठे जोड सुरू होतो, तिला उमगेना. चुकीच्या जागी ठोका बसला तर नावच फुटायचं, आणि फुटलेलं नाव ना धरतं ना सोडतं. तिने छिन्नी इथे टेकवली, तिथे टेकवली. शेवटी ती ताटाशेजारी ठेवून दिली.

"आबा, मला दाखवा," वेदिका म्हणाली.

फकिराने सुनेकडे पाहिलं. एवढी वर्षं नाही म्हणणारी बाई. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "शिकवा तिला, मामा. आत्ताच्या आत्ता शिकवा."

फकिरा पोरीच्या पाठीमागे बसला. तिच्या बोटावर आपलं कापरं बोट ठेवून त्या रेघेवरून फिरवायला लागला. हा चढला, बघ. हितं उतरला. हे अक्षराचं अंग, हा नुसता जोड. पुन्हा फिरव. पोर जीभ बाहेर काढून गिरवत होती. आजोबा-नात आपली शाळाच घेत बसली, आणि ताट मध्ये तसंच ऊन. मग वेदिकाने स्वतःच छिन्नी लावली. हातोडी तिच्या आईने मारली.

पहिल्या ठोक्याला ताट झिणझिणलं आणि ते झिणझिणणं थांबेना. दुसऱ्याला खालच्या सुरात आलं. शेवटी ऊकाराचं ते शेपूट. "कासरा," फकिरा पुटपुटला, आणि हातोडी पडली. रंग मारलेल्या चौकटीचा एक पोपडा सुटून खाली आला. बाकी काही नाही. फकिराने ताटावर गाल टेकवला. "निवलं," म्हणाला.

वाट्यांवरची उरलेली नावं वेदिकाने घातली. सगळी सुटी, ठोकळेबाज, तिची स्वतःची.

ललितने मोबाइल पुन्हा हातात घेतला. म्हणाला, "नाना, म्हणजे शिकवायचं की नाही?"

एवढंच सांगतो, की परवा मी माझा नवा तांब्या घेऊन भांडी बाजारात गेलो होतो. रविवारी पायरीवर वेदिका बसते. फकिरा शेजारी असतो, नुसता बघत. तिने मान वर न करता विचारलं, "हयात?"

"अगं, मी नाना!"

"तोंडाने सांगा."

"हयात," मी म्हटलं. "अजून तरी."

तिने सुई टेकवली. पहिलं अक्षर झालं, सुई वर चढली, जोडावर आली आणि बाजारातली वीज गेली. मशीन बंद. सुई उचलली असती तर नाव तिथेच सुटं, आणि सुटं नाव जाऊ देतं. फकिराने माझा गुडघा घट्ट धरला. पोरीने वर पाहिलं नाही, सुई उचलली नाही. जोडाच्या मधोमध दाबून तशीच धरून बसली. समोरचा चहावाला ओरडला, "राहू दे गं, मग कर!" ती हलली नाही. मी तिच्या बोटांकडे बघत होतो. नखं पांढरी पडली होती.

वीज आल्यावर मशीन पुन्हा घर्रर्र करायला लागलं आणि मी श्वास सोडला.