हातभर चुकलेला दगड

रेणापूरजवळच्या एका शेताची सरकारी मोजणी मी दुसऱ्यांदा करत होतो. पहिल्यांदा तिपाईवरच्या मोजणीच्या फळ्यावर कागद लावून केली होती, आता हातात उपग्रहावरून जागा टिपणारा रोव्हर होता. उपग्रहावरून कळणारी जागा थोडी चुकते. जमिनीवरचं कायमचं केंद्र ती चूक ओळखून मोबाइल नेटवर्कवरून दुरुस्ती पाठवतं. मग बोटभर फरकही लपत नाही.

हद्दीचा दगड हातभर चुकीच्या जागी निघाला. शेताच्या मालकीणबाईंची तेवढी पट्टी शेजाऱ्याकडे गेली होती.

“तवा दगड कुणी रोवला हुता?” त्यांनी विचारलं.

“मीच.”

“मग तुमीच काढा, साहेब.”

मी पहार मागितली. तिथंच उभ्या असलेल्या शेजाऱ्यानं बरोबर जागी नवा खड्डा खणायला घेतला. दगड उपटताना मला त्या दोघांकडे बघवेना.